बारूखाची तक्रार आणि त्याला मिळालेले उत्तर : एक प्रकरण अभ्यास

देवाने सोपवलेले काम मनापासून केले, कुचराई केली नाही, तरीही आतून रिकामे वाटते. अशा अवस्थेतून जाणाऱ्या विश्वासणाऱ्यांची बायबलमधल्या एका माणसाशी ओळख करून द्यावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. तो संदेष्टा नव्हता, याजक नव्हता, सेनापती नव्हता. तो चिटणीस होता. नाव बारूख, नेरीयाचा मुलगा. यिर्मयाच्या ग्रंथातला पंचेचाळिसावा अध्याय जेमतेम पाच वचनांचा आहे आणि तो अख्खा या एका माणसासाठी आहे. राष्ट्रे कोसळण्याच्या धामधुमीत परमेश्वराने एका थकलेल्या लेखनिकाची तक्रार ऐकली आणि तिला नाव घेऊन उत्तर दिले.

हे उत्तर पहिल्या वाचनात कठोर वाटते. मोठमोठ्या गोष्टी स्वतःसाठी मागतोस काय, मागू नकोस, असा त्याचा सूर. पुष्कळदा ते एवढेच वाचले जाते आणि नम्रतेवरच्या प्रवचनात एक ओळ म्हणून वापरले जाते. पण बारूखाची सगळी हकीगत या ग्रंथातल्या चार-पाच अध्यायांत विखुरलेली आहे. ती एकत्र मांडून पाहिली की देवाच्या इच्छेत समाधान कसे मिळते, आणि कसे मिळत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचित सापडते.

माणूस आणि त्याची जागा

बारूखाचे नाव ग्रंथात आजोबांपर्यंत दिले आहे : महसेयाचा मुलगा नेरीया, त्याचा मुलगा बारूख. घराणे परिचयाचे असले पाहिजे. त्याचा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाच्या दरबारात अधिकारी झाला आणि राजाबरोबर बाबेलला गेला. म्हणजे घरात दरबाराची वाट माहीत होती. त्यात बारूखाच्या हाती लेखणी होती, आणि त्या काळी लेखणी म्हणजे सत्तेच्या दाराची किल्ली होती.

याचे जवळचे उदाहरण बारूखाने पाहिले-ऐकले असणारच. इ.स.पू. ६२२ मध्ये योशीया राजाच्या कारकिर्दीत मंदिराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. तो राजापुढे वाचला तो शाफान चिटणिसाने. राजाने आपली वस्त्रे फाडली, देशात मोठी सुधारणा झाली. शाफानाची मुले पुढे राजधानीतल्या वजनदार माणसांत मोजली जाऊ लागली. एका चिटणिसाने एका दिवशी एक ग्रंथ मोठ्याने वाचला आणि राष्ट्र हलले! बारूखाच्या पिढीतल्या कुठल्याही होतकरू लेखनिकाच्या मनात ही गोष्ट घर करून बसली असेल, तर त्यात नवल नाही.

पण बारूखाच्या वाट्याला धनी आला तो संदेष्टा यिर्मया. योशीयाच्या तेराव्या वर्षापासून, म्हणजे इ.स.पू. ६२७ पासून, यिर्मया बोलत होता. योशीयाचा मुलगा यहोयाकीम राजा झाल्यावर त्याच्या चौथ्या वर्षी, इ.स.पू. ६०५ मध्ये, यिर्मया स्वतःच लोकांना सांगतो की तेवीस वर्षे मी तुमच्याशी बोलत आलो आणि तुम्ही ऐकले नाही. त्याच वर्षी कर्कमीशच्या लढाईत बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मिसरी सैन्याचा धुव्वा उडवला. यहोयाकीमाला गादीवर बसवले होते ते मिसरच्या फारोने. अशा राजाच्या राजधानीत उभे राहून ‘बाबेल येणार आणि हे नगर पडणार’ असे सांगणे म्हणजे राजद्रोहच. उरीया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याने हेच सांगितले होते. तो जीव घेऊन मिसरात पळाला, तर राजाची माणसे त्याला तिथून धरून घेऊन आली आणि राजाने त्याला तरवारीने मारले. यिर्मया वाचला तो शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला म्हणून.

अशा माणसाची लेखणी होण्याचे काम बारूखाने पत्करले होते.

तक्रार नेमकी केव्हा आली

यहोयाकीमाच्या त्या चौथ्या वर्षी यिर्मयाला आज्ञा झाली की आजवरची सारी वचने एका गुंडाळीवर लिहून काढ. यिर्मया सांगत गेला, बारूख लिहीत गेला. त्याला किती दिवस लागले ते ग्रंथ सांगत नाही. पण तेवीस वर्षांची वचने ती! आपल्याच शहराचा नाश, आपल्याच लोकांवरचा दुष्काळ, रोगराई, तरवार, हे सगळे एकेक शब्द करून आपल्या हाताने उतरवायचे. ऐकणारा माणूस कान फिरवू शकतो, ऐकून विसरू शकतो. लिहिणाऱ्याला ती सोय नाही. प्रत्येक शब्द त्याच्या हाताखालून जातो आणि त्याला तो नीट, अचूक, वाचता येईल असा लिहावाच लागतो.

बारूखाची तक्रार इथे आली. पंचेचाळिसाव्या अध्यायाचे पहिलेच वचन काळ सांगते : यिर्मयाच्या तोंडची वचने बारूख ग्रंथात लिहीत होता तेव्हा. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे राजाने गुंडाळी जाळली, म्हणून बारूख खचला, असे अनेकजण गृहीत धरतात. तसे नाही. अजून अपयश आलेलेच नव्हते. गुंडाळी वाचली गेली नव्हती, राजापर्यंत पोचली नव्हती. माणूस थकला तो आज्ञा पाळताना. आणि थकल्यावर जे म्हणाला ते थोडक्यात असे : हाय रे मी! परमेश्वराने माझ्या दुःखात आणखी दुःखाची भर घातली. कण्हून कण्हून मी दमलो. मला विसावा नाही.

‘परमेश्वराने’ हा कर्ता पाहा. बारूख राजाला दोष देत नाही, लोकांना देत नाही, यिर्मयालाही देत नाही. त्याच्या लेखी दुःख वाढवणारा खुद्द ज्याचे काम तो करतो आहे तोच आहे. सेवा करणाऱ्या माणसाच्या मनातली ही सर्वांत खोल आणि सर्वांत लपवलेली तक्रार. ‘लोक ऐकत नाहीत’ हे आपण उघड बोलतो. ‘देवा, तूच मला थकवलेस’ हे प्रार्थनासभेत कोणी बोलत नाही. बारूख बोलला, निदान मनात तरी, आणि ते ऐकले गेले.

उत्तर

परमेश्वर आधी बारूखाचे शब्द त्यालाच परत ऐकवतो. ‘तू असे म्हणालास’ म्हणून ती तक्रार जशीच्या तशी, कमी न करता. तिला अविश्वास म्हटलेले नाही. ‘असे बोलू नये’ असेही म्हटलेले नाही.

मग जे येते ते बारूखाविषयी नसतेच. मी जे बांधले ते मी पाडतो आहे, मी जे लावले ते मी उपटतो आहे, आणि हा सगळा देशच, असे परमेश्वर सांगतो. हे वाक्य मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा थांबतो. यात न्यायाधीशाचा कोरडेपणा नाही. बांधणाराच पाडतो आहे, लावणाराच उपटतो आहे. अब्राहामापासून जे जोपासले, मिसरातून जे काढून आणले, दाविदाच्या काळी ज्याला घर दिले, ते सारे आपल्या हाताने मोडण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे तो बोलतो आहे. बारूखाला वाटत होते की दुःख आपल्यावर लादले गेले. उत्तरात त्याला कळते की तो ज्याचे शब्द लिहितो आहे त्याचे स्वतःचे या गोष्टीत किती जाते आहे.

माझ्या मते या उत्तराचा गाभा इथे आहे, पुढच्या ‘मोठ्या गोष्टीं’च्या वाक्यात नाही. बारूखाला विसावा हवा होता. त्याला त्याऐवजी देवाच्या अंतःकरणाजवळची जागा मिळाली. देवाची इच्छा पाळणारा माणूस देवाचा नुसता हुकूम उचलत नाही, देवाला जे लागते त्यात तो वाटेकरी होतो. हे कळण्याआधी काम ओझे असते. कळल्यावरही ते जड असतेच, पण आता ते दोघांचे असते.

त्यानंतर तो प्रश्न : आणि तू स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधतोस? शोधू नकोस. त्या ‘मोठ्या गोष्टी’ कोणत्या ते ग्रंथ सांगत नाही. भावासारखा हुद्दा असेल. शाफानासारखा तो एक दिवस असेल, ग्रंथ वाचला आणि राष्ट्र वळले असा. मला दुसरी शक्यता जास्त जवळची वाटते, कारण देवाचे काम करणाऱ्याला पैशाचा मोह टाळता येतो, पण आपल्या कामाचे फळ डोळ्यांनी पाहण्याची ओढ भक्तीच्याच कपड्यांत येते आणि ओळखू येत नाही. तरी हा माझा अंदाज आहे. ग्रंथाने जागा रिकामी ठेवली आहे, ती तशीच राहू द्यावी हे बरे. वाचणारा प्रत्येकजण आपली ‘मोठी गोष्ट’ तिथे बसवून पाहू शकतो.

शेवटी वचन येते, तेही अगदी मोजके. सर्व मानवजातीवर मी अरिष्ट आणतो आहे, पण तू जाशील तिथे तिथे तुझा जीव मी तुला लूट म्हणून देईन. लढाईनंतर सैनिकाच्या हाती जी लूट लागते तिची ही भाषा आहे. हरलेल्या लढाईतून बाहेर पडताना तुझ्या हाती एकच गोष्ट असेल, तुझा प्राण, आणि ती मी दिलेली असेल. हेच वचन यिर्मयाला चिखलाच्या विहिरीतून वर काढणाऱ्या एबद-मलेख या कूशी माणसालाही पुढे दिलेले आहे. दोघांनाही पद नाही, कीर्ती नाही, कामाच्या यशाची हमी नाही. जीव मात्र देवाच्या हातून आलेला.

आणि एक गोष्ट उत्तरात नाही. ‘आता तू थांब, दुसरा कोणी लिहील’ असे परमेश्वर म्हणत नाही. लेखणी बारूखाच्या हातातच राहते.

गुंडाळीचे पुढे काय झाले

यिर्मयाला मंदिरात जायला बंदी होती, म्हणून वाचायला बारूखाला जावे लागले. यहोयाकीमाच्या पाचव्या वर्षी, नवव्या महिन्यात, सार्वजनिक उपास पुकारला गेला होता. इ.स.पू. ६०४ चा हिवाळा. बाबेलच्या बखरीत नोंद आहे की त्याच वर्षी, त्याच महिन्यात नबुखद्नेस्सराने पलिष्ट्यांचे अष्कलोन जिंकून उद्ध्वस्त केले. उपास का पुकारला गेला हे यावरून उमगते. संकट कोसांवर येऊन ठेपले होते.

बारूखाने मंदिराच्या वरच्या अंगणात, शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून सर्व लोकांना ऐकू जाईल असे वाचले. (यरुशलेमच्या दावीदनगर भागात १९८२ साली झालेल्या उत्खननात मोहोरांचे मातीतले पन्नासएक ठसे मिळाले. नगर जळाले त्या आगीत ते भाजून पक्के झाले होते. त्यांतल्या एकावर ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ असे नाव आहे, आणि तो हाच गमऱ्या असावा असे अनेक अभ्यासक मानतात. बारूखाच्या नावाचे ठसेही पुरावस्तूंच्या बाजारात आले, पण त्यांच्या खरेपणावर तज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत, म्हणून त्यांचा आधार मी घेत नाही.)

बातमी सरदारांपर्यंत गेली. त्यांनी बारूखाला बोलावून घेतले आणि म्हणाले, बस, आम्हांला वाचून दाखव. बसायला सांगितले, म्हणजे मान दिला. ऐकून ते घाबरले, एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनी विचारले की हे सगळे तू लिहिलेस तरी कसे? बारूखाच्या तोंडचे जे थोडे शब्द बायबलमध्ये आहेत त्यांतले हे : तो सर्व वचने आपल्या तोंडाने मला सांगत होता आणि मी ती शाईने या ग्रंथात लिहीत होतो.

शाईने. जुन्या करारात शाईचा उल्लेख येतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. राष्ट्राचे भवितव्य ठरवणाऱ्या माणसांसमोर बसलेला, आयुष्यातली सर्वांत मोठी संधी समोर असलेला हा माणूस स्वतःविषयी सांगतो ते एवढेच. वचने माझी नाहीत, लिहिणे माझे. त्यात खोटा विनय नाही, मोठेपणाही नाही. आपले काम कोणते आणि कुठे संपते हे ज्याला नक्की ठाऊक आहे तो असा बोलतो. त्याआधीच्या वर्षी ‘मला विसावा नाही’ म्हणणारा हाच माणूस. उत्तराने त्याच्यात काय केले, ते या वाक्यात दिसते असे मी मानतो.

राजा हिवाळी वाड्यात बसला होता, समोर शेगडी पेटलेली. यहूदी नावाचा सेवक वाचू लागला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. रागाच्या भरात एकदम जाळली असती तर गोष्ट वेगळी. हा शांतपणे, ऐकत ऐकत, तुकडा तुकडा करून जाळत होता. एलनाथान, दलाया आणि गमऱ्या यांनी विनवले, त्याने ऐकले नाही. ग्रंथ नोंदवतो की राजा आणि त्याचे सेवक यांच्यातले कोणी भ्याले नाही, कोणी वस्त्रे फाडली नाहीत. वाचणाऱ्याला योशीया आठवावा म्हणूनच ही नोंद आहे. बापाने ग्रंथ ऐकून वस्त्रे फाडली, मुलाने ग्रंथच फाडला. शाफानाचा मुलगाही तिथेच हजर होता.

म्हणजे बारूखाची ‘मोठी गोष्ट’ जी काही असेल, ती त्या दुपारी त्या शेगडीत गेली. आणि वर पकडण्याचा हुकूम सुटला. ‘परमेश्वराने त्यांना लपवले’ एवढेच ग्रंथ सांगतो.

मग दुसरी आज्ञा आली : दुसरी गुंडाळी घे आणि पहिलीतली सर्व वचने पुन्हा लिही. बारूखाने लिहिली. त्याच प्रकारची आणखी पुष्कळ वचने तीत घातली गेली. या वेळी मात्र तक्रार नोंदलेली नाही. दुःख सरले होते म्हणून नव्हे, कारण पहिल्यापेक्षा आता कारण जास्त होते. पण मागच्या खेपेला ज्या मापाने तो आपले काम मोजत होता ते माप त्याच्या हातून काढून घेतले गेले होते. वाचले गेले की जाळले गेले, यावर आता कामाचे मोल अवलंबून नव्हते.

उरलेली वर्षे

यानंतर साधारण सतरा वर्षे गेली. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता. सिद्कीयाच्या दहाव्या वर्षी, नगर पडण्याच्या थोडेच आधी, चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला आला. शत्रूने व्यापलेल्या मुलखातले शेत! यिर्मयाने देवाच्या सांगण्यावरून ते घेतले. सतरा शेकेल रुपे ताजव्यात तोलून दिले, साक्षीदार केले, खत केले, मोहोर केली. एक प्रत बंद, एक उघडी. दोन्ही सर्वांसमोर बारूखाच्या हाती दिल्या आणि सांगितले की मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. कारण या देशात घरे, शेते, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

ज्या लेखणीने वर्षानुवर्षे उपटण्याची वचने लिहिली तिचा मालक इथे पुन्हा लावण्याच्या वचनाचा राखणदार होतो. काम मात्र तेच, चिटणिसाचे. कागदपत्र नीट सांभाळून ठेवणे. देवाच्या इच्छेविषयी आपण बोलतो तेव्हा ती कुठेतरी दूर, धुक्यात, शोधून काढायची वस्तू असल्यासारखे बोलतो. बारूखाच्या प्रकरणात एकही आज्ञा अस्पष्ट नाही. लिही. जाऊन वाच. पुन्हा लिही. भांड्यात ठेव. अवघड होते ते पाळणे.

नगर पडले. उरलेल्या लोकांनी मिसरात पळायचे ठरवले, यिर्मयाने ‘जाऊ नका’ असे परमेश्वराचे वचन सांगितले, तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांनी काय म्हणावे? हा बारूखच तुला आमच्याविरुद्ध चिथावतो आहे, आम्हांला खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती द्यायला पाहतो आहे! ज्याने स्वतःसाठी मोठ्या गोष्टी शोधणे सोडले होते त्याच्यावरच पडद्याआडून सूत्रे हलवणारा म्हणून आळ आला. या आळाचे निरसन ग्रंथात कुठेच नाही. बारूखाने बाजू मांडली असे नाही, देवाने त्याची बाजू जाहीर केली असेही नाही. त्याला आणि यिर्मयाला ओढून मिसरातल्या तहपन्हेसला नेले गेले, आणि तिथे हे दोघे आपल्या दृष्टीआड होतात. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये बारूखाच्या नावाचे एक पुस्तक आहे, पण त्याच्या शेवटच्या दिवसांविषयी यिर्मयाचा ग्रंथ काही सांगत नाही.

दुसरी गुंडाळी टिकली. तिच्यातून आणि पुढच्या भरीतून आज आपल्या हाती असलेला ग्रंथ वाढला असे अभ्यासक सामान्यतः मानतात. दानीएल बंदिवासात यिर्मयाची सत्तर वर्षांची वचने वाचतो. एकतिसाव्या अध्यायातला ‘नवा करार’ येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन आपल्या रक्तात बांधतो, आणि इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात तोच उतारा सबंध उतरवला आहे. इथे मोह होतो की म्हणावे, पाहा, शेवटी मिळालीच की मोठी गोष्ट! मी हा मोह टाळतो. बारूखाला हे सांगितले गेले नव्हते. ‘आज सोस, सहाशे वर्षांनी तुझे लिखाण किती महत्त्वाचे ठरेल ते बघ’ असे उत्तर देव देऊ शकला असता, आणि त्याने ते दिले नाही. तसे दिले असते तर बारूखाचे समाधान पुन्हा फळावरच उभे राहिले असते, फक्त लांबच्या फळावर.

येशूच्या बाबतीत

ख्रिस्ती माणूस हे प्रकरण वाचताना बारूखापाशी थांबू शकत नाही. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू प्रवासाने थकून विहिरीवर बसला आहे. शिष्य अन्न आणतात, तो म्हणतो, ज्याने मला पाठवले त्याच्या इच्छेप्रमाणे करावे आणि त्याचे कार्य सिद्धीस न्यावे हेच माझे अन्न आहे. थकवा गेला असे तिथे लिहिलेले नाही. पण पोषण कुठून येते ते सांगितले आहे.

त्याच येशूने गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून विनवले. म्हणजे पित्याची इच्छा पाळताना जीव कासावीस होणे हे अविश्वासाचे लक्षण नाही, निदान त्याच्या बाबतीत तरी नव्हते. बारूखाचे कण्हणे त्या प्रार्थनेच्या फार जवळचे आहे. आणि वधस्तंभावर, दिसण्यापुरते सारे संपलेले असताना, तो ‘पूर्ण झाले आहे’ म्हणतो. त्या क्षणी त्याच्याजवळ दाखवण्यासारखे काय होते? शिष्य पांगलेले, लोक कुचेष्टा करणारे. पूर्ण झाले होते ते पित्याने दिलेले काम.

आणखी एक वचन मला इथे नेहमी लागते. येशूची आई आणि भाऊ त्याला भेटायला बाहेर उभे असताना तो भोवती बसलेल्यांकडे पाहून म्हणतो की जो कोणी देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच माझा भाऊ, माझी बहीण, माझी आई. देवाच्या इच्छेप्रमाणे करणाऱ्याला मजुरी मिळते असे तो म्हणत नाही, नाते मिळते असे म्हणतो. सत्तर शिष्य सेवेहून परतले तेव्हाही त्याने त्यांचा आनंद एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला : भुते तुम्हांला वश होतात म्हणून आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून आनंद माना. सेवा यशस्वी झालेली असतानाही त्याने हे सांगितले, हे विशेष. यश मिळाले तरी समाधानाचे ठिकाण तिथे नाही, आणि न मिळाले तरी ते जात नाही.

हे प्रकरण वापरताना

सेवेत किंवा घरच्या जबाबदारीत दमलेल्या माणसापुढे हा अध्याय ठेवायचा असेल तर काही गोष्टींचा विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

‘मोठ्या गोष्टी मागू नकोस’ हे वाक्य परमेश्वराने बारूखाला म्हटले आहे. मंडळीतल्या वरच्या माणसाने खालच्याला म्हणण्यासाठी ते दिलेले नाही. वर्षानुवर्षे रविवारच्या शाळेत शिकवणारी बाई, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे सारे करणारा मुलगा, सभांची इतिवृत्ते लिहिणारा सचिव, यांनी ‘मी थकलो’ म्हटले की हे वचन त्यांच्या तोंडावर मारणे म्हणजे त्यांचे कण्हणे बंद करणे. देवाने बारूखाचे कण्हणे आधी शब्दशः ऐकले, मग त्याला आपले दुःख सांगितले, आणि त्यानंतरच तो प्रश्न विचारला. हा क्रम मोडला की उत्तर तेच राहते पण ते देवाचे उरत नाही. शिवाय थकव्याचे कारण नेहमीच महत्त्वाकांक्षा असते असे नाही. कधी माणसाला झोप हवी असते, एलीयाला देवदूताने आधी झोपू दिले आणि खाऊ घातले तशी. कधी त्याच्यावर अन्याय होत असतो, आणि तेव्हा वचन सांगण्याआधी अन्याय थांबवावा लागतो.

दुसरे असे की गुण दडपणे आणि स्वतःसाठी मोठेपणा न शोधणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बारूखाला चांगले लिहिता येत होते आणि देवाने त्याच्याकडून भरपूर लिहून घेतले, जळाल्यावर पुन्हा लिहून घेतले. होतकरू तरुणाला ‘नम्र राहा’ म्हणून बसवून ठेवायला हा अध्याय कामाचा नाही.

आणि अभ्यासगटात घेताना पंचेचाळिसावा अध्याय एकटा वाचू नये. आधी छत्तिसावा, मग पंचेचाळिसावा, त्यानंतर बत्तिसावा आणि त्रेचाळिसावा, असा क्रम मला सोयीचा वाटतो. चव्वेचाळिसावा झाल्यावर पंचेचाळिसावा येतो, म्हणजे इ.स.पू. ६०५ मधली ही तक्रार ग्रंथात मिसरातल्या शेवटच्या घटनांनंतर ठेवली आहे, सर्व काही घडून गेल्यावर. ती तिथे कोणी ठेवली हे ग्रंथ सांगत नाही, पण ग्रंथाची जुळवाजुळव बारूखाच्याच हातून झाली असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर आपली जुनी तक्रार आणि तिला मिळालेले उत्तर, दोन्ही त्याने खोडून न टाकता राहू दिले. गटात या मुद्द्यावर चर्चा हमखास रंगते, तिला पुरेसा वेळ ठेवावा. केवळ पाच वचने वाचून उठणाऱ्यांना दटावणी ऐकू येते. सगळी हकीगत वाचणाऱ्यांना तीच दटावणी सतरा वर्षे एका माणसाला उभे ठेवताना दिसते.